कॉलेजात मुलीवर अत्याचार झाला तर जबाबदारी कोणाची?

धडगाव, तळोदा, अक्कलकुव्याकडच्या कितीतरी मुली शिकायला शहाद्याला येतात. कोणी रोज एसटीने, कोणी होस्टेलवर राहून. आपल्या मोहल्ल्यातल्या मुलीही आता बारावीवर थांबत नाहीत. पण कॉलेजात काही वाईट घडल्याचं कानावर आलं की घरातला पहिला फैसला ठरलेला असतो : मुलीचं नाव काढून घ्या. गुनाह दुसऱ्याचा आणि तालीम हिची बंद. कायदा मात्र पहिला सवाल संस्थेला विचारतो.

जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोडच्या सरकारी वसतिगृहात एका विद्यार्थिनीवर अत्याचार करून तिचा खून झाला. संशयित त्याच वसतिगृहात काम करणारा माणूस होता. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्यांवर सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचं उघड झालं. तक्रार नोंदवायला पालकांना तासन्‌तास ताटकळावं लागलं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि घटना कळूनही पोलिसांना न कळवल्याबद्दल संस्थेच्या अध्यक्ष-सचिवांवरही गुन्हा दाखल झाला. म्हणजे अत्याचार करणाराच नाही, गप्प बसणारी संस्थाही आरोपी होऊ शकते.

हे ज्युनिअर कॉलेजच्या पालकांनी नीट लक्षात ठेवावं. अकरावी-बारावीच्या बहुतेक मुली अठरा वर्षांच्या आतल्या, त्यामुळे त्यांना पॉक्सो कायदा लागू होतो. त्यात ‘आधी आम्ही चौकशी करतो, मग बघू’ ही सवलत प्राचार्यांना नाही. घटना कळली की पोलिसांना कळवायलाच हवं. आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

सिनिअर कॉलेजला २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१५ ची नियमावली लागू आहे. प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती हवी. तिची अध्यक्ष ज्येष्ठ प्राध्यापिका, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य आणि एक सदस्य बाहेरच्या सामाजिक संस्थेचा. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थीही बसतात. विभागप्रमुखासारख्या वरिष्ठ पदावरच्यांना समितीत घेता येत नाही, आणि हे चांगलंच आहे; साहेबांसमोर साहेबांची तक्रार कोण सांगणार?

तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांत. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. मुलगी स्वतः लिहिण्याच्या अवस्थेत नसेल तर नातेवाईक किंवा मैत्रीण देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावी लागते. ती चालू असताना आरोपी शिक्षकाला तिचे पेपर तपासण्यापासून दूर ठेवता येतं. इंटर्नलचे मार्क हातात असलेल्या माणसाविरुद्ध बोलणं किती कठीण असतं, ते आम्हा शिक्षकांना चांगलं ठाऊक आहे. समितीच नसेल तर कायद्यात ५० हजार रुपये दंड आहे, आणि नियम मोडणाऱ्या कॉलेजचं अनुदानही आयोग थांबवू शकतो.

समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर कॉलेजने फलकावर किंवा वेबसाइटवर लावायचे असतात. अ‍ॅडमिशनच्या दिवशी फीबद्दल आपण दहा सवाल करतो. तेव्हाच अब्बांनी हा फलक कुठे आहे तेही विचारावं. होस्टेल असेल तर रात्री तिथे कोण काम करतं, हेसुद्धा.

बलात्कारासारख्या गुन्ह्यात समितीची वाट पाहत बसू नका. कोणत्याही पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो, मग हद्द कोणाचीही असो. सरकारी असो की खासगी, दवाखान्याने मोफत उपचार करायलाच हवेत. तातडीला ११२, महिलांसाठी १८१, अठराच्या आतल्यांसाठी १०९८.

राहिली बदनामीची भीती. पैसे देऊन तडजोड समितीला करता येत नाही, आणि तक्रारदाराचं नाव बाहेर फोडणंही मना आहे. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘अमक्याची मुलगी’ म्हणून मेसेज पुढे ढकलणाराही त्यात सापडू शकतो.