‘आढळले नाही’ म्हणजे ‘नाही’ का? : विहीर, द्राक्ष आणि नमुन्याच्या बाटलीचा इतिहास



आजचा विषय आहे, पाण्यातली आणि अन्नातली घाण ओळखण्याची साधने माणसाने कशी शोधली. विषय विज्ञानाचा, आणि बोलणारा तत्त्वज्ञानाचा. त्यामुळे सुरुवात माझ्याच घरातून करतो.

आपल्याकडे मीमांसक आणि नैयायिक यांच्यात शेकडो वर्षे एक वाद चालला. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कशामुळे कळते? घडा असता तर डोळ्यांना दिसला असता. पण नसलेली गोष्ट डोळ्यांना दिसणार कशी? भाट्ट मीमांसक म्हणाले, यासाठी वेगळे प्रमाण मानावे लागेल. त्याचे नाव अनुपलब्धी. नैयायिकांना वेगळे प्रमाण मान्य नव्हते. पण एका अटीवर दोघांचेही एकमत होते. ‘दिसत नाही’ यावरून ‘नाही’ असे म्हणायचे असेल, तर ती वस्तू तिथे असती तर नक्की दिसली असती, अशी परिस्थिती हवी. याला म्हणतात योग्यता. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून तो नाही असे ठरत नाही. आणि पिशाच तर भर दुपारीही दिसण्यासारखे नसते. म्हणून ‘दिसले नाही’ एवढ्यावर पिशाचाचा निकाल लावता येत नाही.

हे घड्याचे आणि पिशाचाचे उदाहरण मनात ठेवा. दूषित पाण्याचा सगळा इतिहास मला या एका अटीचा इतिहास वाटतो.

आपल्या जुन्नरपासूनच पाहू. इथल्या लेण्यांत खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढी दान दिल्याचा लेख प्रसिद्धच आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी पाण्याचे टाके हे दानाच्या मोलाचे होते, आणि चांगले पाणी कोणते याची जाणही होती. ती जाण डोळे, नाक आणि जीभ यांची. पाणी गढूळ असेल तर निवळीची बी उगाळायची, तुरटी फिरवायची. सुश्रुतसंहितेतही कतकाचा, म्हणजे या निवळीचाच, उल्लेख येतो. फडके बांधून पाणी गाळायचे. यातले काहीही चुकीचे नव्हते. पण हे सगळे गढूळपणावरचे उपाय. पाणी ‘निवळले’ की ते ‘शुद्ध झाले’ असे आपण धरत आलो. निवळणे डोळ्यांना दिसते. शुद्ध असणे मात्र दिसत नाही, आणि हा फरक कळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

१८८४ साली रॉबर्ट कॉख कलकत्त्यात आला होता. पटकीची साथ चालू असलेल्या वस्तीतल्या एका तळ्याच्या पाण्यात त्याला पटकीचा जंतू सापडला. त्याआधी दोन-तीन वर्षे त्यानेच जिलेटिनच्या पातळ थरावर जंतू वेगवेगळे वाढवण्याची रीत बसवली होती. न दिसणारा एक जंतू रात्रभरात वाढून ठिपक्याएवढी वसाहत करतो, आणि ती वसाहत नुसत्या डोळ्यांना दिसते. आपल्या भाषेत बोलायचे तर पिशाचाचा घडा झाला.

पण ही युक्ती प्रयोगशाळेतली. गावच्या विहिरीवर काय? आग्र्याला असलेल्या हॅन्किन नावाच्या रसायन परीक्षकाने विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा आग्रह धरला. पाणी गुलाबी व्हायचे. रंग टिकला म्हणजे औषध पुरले, लगेच उडाला म्हणजे आणखी टाका. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात हॉरॉक्स या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने एक पेटी तयार केली. सहा पांढरे पेले, एक काळा पेला, ब्लीचिंग पावडरचा दोन ग्रॅमचा चमचा, ढवळायच्या काड्या आणि पिष्ठाचे एक द्रावण. काळ्या पेल्यात पावडरीचे पाणी कालवायचे, पांढऱ्या पेल्यांत तपासायचे पाणी घ्यायचे, आणि पहिल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे चढत जायचे. अर्ध्या तासाने द्रावण घातले की ज्या पेल्यात पहिल्यांदा निळा रंग उमटेल त्याचा क्रमांक पाहायचा. तिसरा पेला निळा झाला तर साडेचारशे लिटर पाण्याला तीन चमचे. वाचता न येणारा शिपाईसुद्धा हे करू शकेल! वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना ही पेटी आजही शिकवतात.

आपल्या गावांतला जलसुरक्षक रोज जी ओ.टी. चाचणी करतो ती याच घराण्यातली. नळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब, पिवळा रंग आला की टीसीएल पुरेसे पडले आहे. पण इथे जरा थांबा. पिवळा रंग काय सांगतो? पाण्यात क्लोरीन उरला आहे, एवढेच. जंतू नाही, हे तो सांगत नाही. ते आपण अनुमानाने ठरवतो. औषध उरले, म्हणजे शत्रू संपला असावा. ‘असावा’ हा शब्द महत्त्वाचा आहे.

मग जंतूचाच माग गावात कसा काढायचा? प्रत्येक रोगाचा जंतू वेगळा शोधणे अशक्य. म्हणून शास्त्रज्ञांनी सूचक शोधला. माणसाच्या आतड्यातले नेहमीचे जंतू पाण्यात सापडले, तर मैला पाण्यात मिसळला आहे. आणि मैला आला तर रोगाचा जंतूही येऊ शकतो. डोंगरावर धूर दिसला की अग्नीचे अनुमान करायचे, तसेच हे. पण या तपासणीला निर्जंतुक नळ्या, उष्मपेटी, शिकलेला माणूस हवा. आंबेगावच्या पश्चिमेकडच्या वाडीतून बाटली निघाली, तर ती वेळेत आणि थंड ठेवून प्रयोगशाळेत पोचली पाहिजे. वाटेत उशीर झाला की बाटलीतले जंतू वाढतात किंवा मरतात, आणि अहवाल विहिरीचा न राहता प्रवासाचा होतो.

आता बाटलीविषयी दोन शब्द, कारण तिच्याकडे कुणी शोध म्हणून पाहत नाही. जंतूंच्या तपासणीची बाटली निर्जंतुक तर हवीच, शिवाय तिच्यात आधीच थोडे सोडियम थायोसल्फेट घालून ठेवतात. का? पाण्यातला क्लोरीन बाटलीतही आपले काम चालूच ठेवतो. घेतल्या वेळी जिवंत असलेले जंतू तपासणीच्या वेळेपर्यंत मेलेले असतील, तर पाणी आहे त्यापेक्षा चांगले ठरेल. थायोसल्फेट तो क्लोरीन तिथेच संपवते. घड्याळ थांबवावे तसे. नमुना म्हणजे एका क्षणाची साक्ष, आणि साक्षीदार वाटेत फितूर होऊ नये याची ही तजवीज.

१९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन आस्थापनेतल्या मांजा, मौर्य आणि राव या तिघांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत एक छोटा लेख लिहिला. मैला मिसळलेल्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड वायू सोडणारे जंतू बहुधा असतातच, असे त्यांना दिसले होते. मग त्यांनी कागदाच्या घडीत जंतूंचे खाद्य आणि लोहाचा क्षार शोषून घेतला, कागद वाळवला आणि बाटलीत ठेवला. बाटलीवर खूण. खुणेपर्यंत पाणी भरायचे आणि रात्रभर उबेत ठेवायचे. सकाळी पाणी काळे झाले तर विहीर वाईट. उष्मपेटी नाही, सूक्ष्मदर्शक नाही. ही बाटली पुढे जगभर गेली, आणि आज जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच-पाच महिलांना जे तपासणीचे प्रशिक्षण देतात, त्यात तीच बाटली असते. भारतात लागलेल्या लहान शोधांपैकी मला हा फार मोठा वाटतो.

अर्थात नैयायिक इथेही बोट ठेवील. धूर आहे तिथे अग्नी असतोच, ही व्याप्ती पक्की. पण काळा रंग आहे तिथे मैला असतोच का? मातीतले काही जंतूही हा वायू सोडतात. म्हणजे हेतू थोडा सव्यभिचारी आहे. पण ही चूक सावधपणाच्या बाजूची. घाबरून पाणी उकळले तर बिघडले काय? खरी भीती उलट्या चुकीची.

तिचे उदाहरण दिल्लीचे. १९५५ च्या अखेरीस नजफगढ नाल्याचे मैलापाणी यमुनेत मागे सरकून वझिराबादच्या उपशात शिरले. पाणीखात्याने क्लोरीन वाढवला, आणि त्याचा उपयोगही झाला. विषमज्वर, हगवण यांची साथ आली नाही. जंतूंच्या कसोटीवर पाणी सुटले. आणि तरी पुढच्या काही आठवड्यांत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. विषाणू क्लोरीनला तेवढा बधला नाही, आणि जंतूंच्या तपासणीत तो दिसण्यासारखाच नव्हता.

या गोष्टीचा उत्तरार्ध पुण्याचा आहे. त्या साथीतल्या रुग्णांचे रक्तद्रव जपून ठेवलेले होते. १९८० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या संशोधकांनी अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर ते तपासले, आणि ही ‘ए’ किंवा ‘बी’ प्रकारची कावीळ नव्हती, हे दाखवून दिले. ज्याला आज आपण हिपॅटायटिस ‘ई’ म्हणतो तो हा. पंचवीस वर्षे साक्षीदार थांबून होता. त्याला विचारायचा प्रश्न नंतर तयार झाला. म्हणून नमुना घेणे आणि राखणे हे तपासणीइतकेच थोर काम आहे.

आता विहिरीवरून बागेत येऊ. नारायणगाव, जुन्नर भागातल्या लोकांना द्राक्षाविषयी मी काय सांगावे! पण एक गोष्ट सांगतो. १९५७ मध्ये जेम्स लव्हलॉक या इंग्रज संशोधकाने इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर बनवला. तळहातावर मावेल एवढे उपकरण, पण क्लोरीनयुक्त कीटकनाशकाचा अतिसूक्ष्म अंश ते टिपू लागले. डीडीटी कुठे कुठे पोचले आहे, ते तेव्हापासून दिसू लागले. तोवर ‘शेष नाही’ म्हणणारे खोटे बोलत नव्हते. त्यांच्याकडे दिवा नव्हता. आणि दिवा मोठा झाला की कायदाही बदलतो. २००३ मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले, तेव्हा निर्यातीच्या द्राक्षांसाठी अवशेष तपासणीची योजना आली. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली. एकाच नमुन्यात एकदम अनेक कीटकनाशके मोजण्याची द्राक्षासाठीची रीत तिथल्या शास्त्रज्ञांनी बसवली. ‘ग्रेपनेट’मुळे प्रत्येक बागेला क्रमांक मिळाला, आणि नमुना घ्यायला प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊ लागला.

एवढे सगळे असून २०१० साली युरोपच्या बंदरांत आपली द्राक्षे अडकली. कारण क्लोरमेक्वाट क्लोराइड; शेतकरी ज्याला सीसीसी म्हणतो ते. वेलीची वाढ आवरण्यासाठी वापरतात. युरोपची तेव्हाची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. आपल्याकडे निर्यातीपूर्वी जी रसायने तपासायची त्या यादीत सीसीसी नव्हते. आणि हे रसायन क्षाराच्या जातीचे. नेहमीच्या एकत्रित तपासणीत ते हाती लागत नाही, त्याला वेगळी रीत लागते. म्हणजे शेतकऱ्याच्या हातातला अहवाल अक्षरशः खरा होता. जे शोधले ते आढळले नव्हते. जे होते ते शोधले नव्हते. कर्ज काढून बाग उभी करणाऱ्याने त्या कागदाचा अर्थ ‘माल निर्दोष’ असा घेतला, यात त्याचा काय दोष? नुकसान मात्र त्याचे झाले. नंतर सीसीसी यादीत आले.

आता मला टोचणारी गोष्ट. एकाच शेतात दोन वस्तू आहेत. एक द्राक्षाचा घड, दुसरी बांधावरची विहीर. घड परदेशी जाणार असेल तर त्याला क्रमांक, त्याच्यासाठी कोट्यवधींची यंत्रे, शंभराहून अधिक रसायनांची तपासणी. विहिरीसाठी गावातली पेटी. तिच्यात क्लोरीन, नायट्रेट, फ्लोराइड, कठीणपणा आणि ती काळी होणारी बाटली. बागेवर जे फवारले ते पावसाबरोबर मातीत आणि मातीतून पाण्यात जाऊ शकते. पण पेटीत कीटकनाशकाची नळी नाही. पेटी वाईट आहे असे मी म्हणत नाही. ती मोलाची आहे. पण तिच्या अहवालाचा अर्थ ‘पाणी शुद्ध’ असा लावणे म्हणजे अंधाऱ्या खोलीत ‘घडा नाही’ म्हणणे. कुणासाठी दिवा लावायचा, हा प्रश्न रसायनशास्त्राचा नाही. तो न्यायाचा आहे. तो खाणाऱ्या परदेशी गिऱ्हाईकाने विचारला म्हणून एका घडाला दिवा मिळाला. पाणी पिणाऱ्यानेही तो विचारायला हवा.

तेव्हा ग्रामपंचायतीत हिरवे कार्ड आले, किंवा हातात ‘आढळले नाही’ असा कागद पडला, की तीन गोष्टी विचारा. काय शोधले होते? किती कमी असते तरी दिसले असते? आणि नमुना कुठून, केव्हा घेतला? मे महिन्यात तळ गाठलेली विहीर आणि मृगाच्या पहिल्या सरीनंतर ओढ्याचे पाणी शिरलेली विहीर, या दोन वेगळ्या विहिरी आहेत. अहवालाच्या खाली ‘हे तपासलेले नाही’ अशी एक ओळ लिहिण्याची प्रथा आपल्या गावांनी पाडली तर, मंडळी, खर्च काहीच नाही आणि कुमारिल भट्टही प्रसन्न होतील.