निवायला वेळ लागतो

सदरच्या शाखेत वीस वर्षं काढल्यावर माझी पक्की समजूत झाली होती, की जगातली प्रत्येक गोष्ट जमा आणि नावे या दोन बाजूंत बसते. आमच्या चिरंजिवांनी बी.कॉम. सोडून काचेची शिल्पं ओतायचं जाहीर केलं, तेव्हा ही नोंद कुठं टाकावी हे कळेना.

"काहून रे? काच म्हणजे बांगड्या नि बरण्या!"

"बाबा, फुंकलेली काच अलीकडची, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातली. ओतीव त्याहून जुनी."

दोन हजार वर्षं म्हणजे अलीकडचं! आमच्याकडे दहा वर्षं हात न लागलेलं खातं बेवारशी धरतात.

त्यानं फोटो दाखवला. इजिप्तचा राजा दुसरा आमेनहोतेप, सुमारे 3,400 वर्षांपूर्वीचा. दीडेक इंचाचं मुंडकं, सगळं काचेचं. मेणाची मूर्ती करायची, भोवती साचा घालायचा, मेण वितळवून काढायचं, पोकळीत काच भरून भट्टी लावायची. आपले ओतारी पितळेचं हेच करतात.

चिरंजिवांना मात्र राजा नको होता. काटोल रस्त्याकडच्या जुनापाणीची शिळावर्तुळं हवी होती. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपल्या मृतांभोवती धोंड्यांची कडी मांडली. विदर्भातल्या अशा काही थडग्यांत घोडाही सापडला आहे.

देशी काचेसाठी 1908 साली तळेगावला लोकांच्या एकेका पैशावर कारखाना निघाला. इथं तो एकट्या बापाच्या पैशावर निघायचा होता. मी भडकलो. आठ दिवस अबोला.

नवव्या दिवशी मीच विचारलं, "ओतल्यावर पुढं काय?"

"निवू द्यायचं, बाबा. घाई केली की ताण आत राहतो नि काच तडकते. पालोमारच्या दुर्बिणीचा 200 इंची आरसा 1934 साली ओतला. पहिली चकती बिघडली. दुसरी दहाएक महिने निववली."

मला तबला शिकायचा होता. वडील 'कॉमर्स' म्हणाले नि मी तापलेला तसाच बँकेत शिरलो. तो ताण अजून आत आहे.

"शेवटचं वर्ष तेवढं काढून घे," मी म्हणालो, "मग भट्टीचं बघू."

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर मेणाचे सात धोंडे गोल मांडलेले होते. नागपूरचा मे महिना; दुपारपर्यंत ते वाकायला लागले. कुणी बघायच्या आत मी ते उचलून माठाशेजारी सावलीत ठेवले.