फ्लायच्या डबीचं कूळ

राहुरी तालुक्यातल्या देवळाली प्रवराला गळ नवा नाही. काठी, तंगूस, काट्याला गांडूळ किंवा कणकेची गोळी, आणि बंधाऱ्याखालचा डोह, एवढ्या भांडवलावर नदीकाठची पोरं मासे धरायला शिकतात. फ्लायचा गळ मात्र वेगळ्या घराण्यातला. त्याच्या काट्यावर खाण्यासारखं काहीच नसतं. दोरा, लोकर, केस आणि पीस गुंडाळून केलेला तो नकली कीटक. त्याला वास नाही, चव नाही आणि वजनही जवळजवळ नाही. वजन असतं ते जाड दोरीला, आणि ती दोरी भिरकावली की तिच्यामागून फ्लाय पाण्यावर जाते. मासा भुलतो तो फक्त आकार, रंग आणि हालचाल यांना.

म्हणूनच हा छंद नव्याने धरणाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो, की डबीत भरायचं काय? दुकानात शेकडो नमुने असतात आणि त्यांची नावं परदेशी नद्यांवरची असतात. या प्रश्नाचं उत्तर फ्लायच्या कुळात सापडतं.

या कुळातली सर्वात जुनी ठळक नोंद रोमन लेखक ईलियन याची, इसवी सन 200 च्या आसपासची. मॅसिडोनियातल्या एका नदीत ठिपकेदार मासे असत आणि ते पाण्यावर उतरणारी एक विशिष्ट माशी खात. ती खरी माशी काट्याला लावावी तर हाताळताना तिचा रंग उडे, पंख मोडत. मग तिथल्या लोकांनी काट्यावर तांबडी लोकर गुंडाळली आणि कोंबड्याच्या गळ्याजवळची मेणाच्या रंगाची दोन पिसं बांधली. सहा फुटांची काठी आणि तेवढीच दोरी. या नोंदीत कारागिरीइतकंच निरीक्षणही महत्त्वाचं आहे. मासा काय खातो हे आधी पाहिलं, मगच हात कामाला लागले.

दुसरा टप्पा इंग्लंडचा. 1496 साली विंकिन द वर्ड या मुद्रकाने गळाच्या मासेमारीवरचा एक निबंध छापला. परंपरा तो डेम ज्युलियाना बर्नर्स यांच्या नावावर सांगते. त्यात बारा फ्लायांची कृती आहे. लोकर कोणत्या रंगाची, पंख कोणत्या पक्ष्याचे, हे तर आहेच, शिवाय कोणती फ्लाय कोणत्या महिन्यात वापरायची हेही आहे. नवशिक्याची पहिली डबी म्हणायची तर ती हीच. तिच्यातल्या फ्लाय आवडीनिवडीने नव्हे, तर महिन्यांच्या क्रमाने लागलेल्या होत्या. फ्लायची डबी हे मुळात नदीचं पंचांग आहे.

हे ज्ञान आपल्याकडे नव्हतं असं नाही. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याची राजधानी म्हणजे आजचं बसवकल्याण. राजाच्या करमणुकींमध्ये त्याने ‘मत्स्यविनोद’ हा भाग घातला. त्यात समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे असे तीसहून अधिक जातींचे मासे येतात, आणि कोणत्या जातीला कोणतं खाद्य घालून जवळ आणावं हेही येतं. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेसाठी गजानन श्रीगोंदेकर यांनी हा ग्रंथ संपादित केला आणि मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी त्यातल्या मासेमारीवर विसाव्या शतकाच्या मध्याला लिहिलं. सोमेश्वराच्या गळाला खरं आमिष होतं. तरीही त्याची शिकवण मॅसिडोनियातल्या लोकांच्या शिकवणीशी जुळते, कारण दोन्हीकडे सुरुवात माशाच्या खाण्यापासून होते.

आता खुद्द डबीकडे येऊ. कित्येक शतकं फ्लायला डबी नव्हतीच. काट्याला नाकं नसे. घोड्याचा केस किंवा रेशीमकिड्यापासून काढलेली तात काट्याच्या दांड्यावरच घट्ट बांधून त्यावर फ्लाय घडवत. त्यामुळे प्रत्येक फ्लायला वीतभर शेपूट असायचं. ते गुंडाळून ठेवायला चामड्याचं, आत लोकरी पानं असलेलं पाकीट लागे. तात कुजली की चांगली फ्लायही वाया जाई. 1879 च्या सुमारास एच. एस. हॉल यांनी नाकं असलेल्या काट्यांना चांगलं रूप दिलं आणि पुढच्या दशकात ते रुळले. फ्लाय दोरीपासून सुटी झाली. हवी तेव्हा बांधावी, नको तेव्हा सोडावी.

त्याच काळात फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी 1886 च्या पुस्तकातून पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायचा प्रसार केला. ती तरंगते ती काट्याभोवती ताठ उभ्या राहिलेल्या पिसांच्या तंतूंवर. पाकिटात दाबली की हे तंतू मोडतात आणि फ्लाय बुडते. तिला कप्प्याची, उंचीची जागा लागली. 1860 साली सुरू झालेल्या रिचर्ड व्हीटली या इंग्लिश पेढीच्या झाकणदार कप्प्यांच्या धातूच्या डब्या पुढे जगभर गेल्या. आज प्लास्टिकच्या डबीत फोमच्या खाचांत जे काटे आपण खोचतो, त्याची मुळं या दोन बदलांत आहेत.

या डबीत सह्याद्रीही आहे. फ्लाय बांधणाऱ्यांचं मुख्य पीस म्हणजे कोंबड्याच्या मानेचं. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज आशियातला लाल रानकोंबडा. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने दाखवलं, की पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचं जनुक राखी रानकोंबड्याकडून आलं आहे. हा राखी रानकोंबडा भारताचाच आणि पश्चिम घाट हे त्याचं मोठं घर. त्याच्या मानेच्या पिसांवर मेण सांडल्यासारखे चकचकीत पिवळे-पांढरे ठिपके असतात. व्हिक्टोरियाच्या काळातल्या सामन माशाच्या भरजरी फ्लायांना, ‘जॉक स्कॉट’सारख्या प्रसिद्ध नमुन्यालाही, हीच पिसं गालांशी लावत. पाण्यात तो ठिपका डोळ्यासारखा दिसतो. या मागणीपायी आणि बायकांच्या टोप्यांच्या शोभेपायी पिसांचा एवढा व्यापार झाला, की ब्रिटिश सरकारला 1902 साली भारतातून पक्ष्यांची कातडी आणि पिसं बाहेर पाठवायला बंदी घालावी लागली. स्वतंत्र भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याने रानकोंबड्याला संरक्षण दिलं. परदेशातले कारागीर आता पिंजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्यांची पिसं किंवा रंगवलेली नकली पिसं वापरतात. आपल्याला तर गावरान कोंबड्याची पिसं घरबसल्या मिळतात. रानातल्या पाखराच्या एकाही पिसाची गरज नाही.

भारतातल्या गळाच्या लिखाणाचा पाया हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या अधिकाऱ्याने 1873 साली ‘द रॉड इन इंडिया’ या पुस्तकाने घातला. परदेशी डबी जशीच्या तशी न वापरता त्याने महासीर काय खातो हे तपासलं. लहान मासे, खेकडे, किडे आणि काठावरच्या झाडांची फळंसुद्धा. दख्खनच्या महासीरचं, आपल्या खडसाचं, शास्त्रीय वर्णन त्याआधीच, 1839 साली, विल्यम हेन्री साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केलं होतं. पुढे धरणांनी आणि उपशाने हा मासा आटला, तेव्हा लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी, टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात, डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी 1970 च्या आसपास त्याची कृत्रिम पैदास साधली. गळाच्या छंदाने आपल्याला दिलेली सर्वात मोलाची गोष्ट कोणती, तर माशाकडे बारकाईने पाहायची ही सवय.

तीच सवय घेऊन प्रवरेवर यावं. रतनगडाच्या कुशीत उगवलेली ही नदी भंडारदऱ्याला 1926 साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणात अडते, पुढे निळवंड्यात, मग बंधाऱ्यामागून बंधाऱ्यात. देवळालीजवळचं पाणी पावसाइतकंच धरणाच्या आवर्तनावर चढतं-उतरतं. आवर्तन सुटलं की पाणी गढूळ आणि ओढीचं, ते संपलं की डोह संथ. धरणां-बंधाऱ्यांत सोडतात ते कटला, रोहू, मृगळ. पण कटला पाण्यातल्या सूक्ष्म जीवांवर जगतो आणि रोहू-मृगळ शेवाळ, कुजका पाला, तळाचा गाळ यांवर. फ्लायला ते सहसा धावत नाहीत. नवशिक्याने आशा ठेवावी ती शिकार करणाऱ्या मरळीवर आणि काहीही चाखून पाहणाऱ्या चिलापीवर.

आता डबी भरू. मृगाच्या सरींनंतर वाळवीचे पंखवाले किडे उठतात, मुंग्यांना पंख फुटतात, म्हणून काळ्या आणि तपकिरी फोमचे भुंगे व मुंग्या चार-सहा असाव्यात. भाद्रपद-आश्विनात काठचं गवत कमरेला लागतं आणि नाकतोडे पाण्यात पडतात, त्यांच्यासाठी हिरवे-पिवळे दोन-तीन. थंडीत पाणी नितळतं. त्या दिवसांत तळाशी चालणाऱ्या अळ्यांसाठी ‘फेजंट टेल’. इंग्लंडच्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांनी ती दोऱ्याऐवजी तांब्याच्या तारेने बांधली, म्हणजे ती आपोआप बुडते. चतुराच्या अळीपासून बेडकाच्या पिल्लापर्यंत अनेक जीवांचा भास देणारी ‘वूली बगर’ बारमाही. पेनसिल्व्हेनियाच्या रसेल ब्लेसिंग यांनी ती 1967 साली बांधली. काळी आणि शेवाळी, प्रत्येकी तीन. झुंडीने फिरणाऱ्या चंदेरी माशांसाठी बॉब क्लाउझर यांची, शिशाच्या डोळ्यांनी डोकं खाली घालून उड्या मारणारी ‘क्लाउझर मिनो’, पांढरी, दोन-तीन. उन्हाळ्यात मरळ पाणवनस्पतींच्या कडेला दबा धरते, तिच्यासाठी पाण्यावर ‘बुडुक’ आवाज करणारे फोमचे बेडूक दोन. एवढ्या वीस-पंचवीस फ्लाय पहिल्या वर्षाला पुरे. काट्याचा क्रमांक वाढतो तसा काटा लहान होतो, हे लक्षात ठेवून बगरला 6 किंवा 8, अळ्यांना 12 ते 14 घ्यावेत.

डबीबरोबर एक पक्कड हवीच. तिने काट्याचं उलटं टोक दाबून सपाट करावं, म्हणजे मासा न फाटता सुटतो. पावसाळा हा बहुतेक माशांच्या विणीचा काळ. पिल्लांभोवती राखण करणारी मरळ दिसली तर तिच्यावर फ्लाय टाकू नये. ती गेली तर तिची सगळी वीण गेली. धरण-तलावांच्या मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. तिथल्या भोई मंडळींना विचारूनच काठावर उभं राहावं. त्यांचं पोट त्या पाण्यावर आहे, आणि मासा कधी कुठे असतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही.

पंधराव्या शतकातल्या त्या निबंधाने इंग्लंडच्या नद्यांचे बारा नमुने महिनेवार लावून दिले. प्रवरेसाठी तसं कोणी लावून दिलेलं नाही. ते काम देवळालीच्या नवशिक्याचं आहे. कोणत्या नक्षत्रात कोणता किडा उठला, आवर्तनानंतर कितव्या दिवशी पाणी निवळलं, सोडण्याआधी माशाच्या तोंडात काय दिसलं, हे वहीत टिपावं. वर्षभरात डबीतल्या निम्म्या फ्लाय बदललेल्या असतील आणि उरलेल्या प्रत्येकीमागे प्रवरेवर पाहिलेलं एक कारण असेल. विकत घेतलेली डबी आपली होते ती अशी.