कणप्रबलित धातुसंमिश्रे : झीजरोध

मऊ, चिवट धातूत सिलिकॉन कार्बाइड, ॲल्युमिना किंवा टंगस्टन कार्बाइडचे कठीण कण विखरून बनवलेले झीजरोधी द्रव्य. धातू आघात झेलतो, कण घासणे सोसतात. गरज शेतातच दिसते. धामणगाव बढे (ता. मोताळा, जि. बुलढाणा) परिसरातील बेसाल्टजन्य काळ्या जमिनीत गारगोटीचे तुकडे सापडतात. गारगोटीची कठिनता सुमारे १,००० विकर्स, तर पाणी दिलेल्या फाळाच्या पोलादाची साधारण ५०० ते ६००. साहजिकच वखराची पास आणि नांगराचा फाळ यांची धार बोथट होते. टंगस्टन कार्बाइडची कठिनता २,००० च्या आसपास असल्याने त्याच्या कणांचा थर वेल्डिंगने धारेवर चढवतात. दोन कणांमधली फट घासणाऱ्या खड्यापेक्षा लहान हवी. नाहीतर मधला धातू कोरला जाऊन कण सुटतात. उष्णता जास्त झाली तर कार्बाइडच विरघळते, म्हणून वेल्डरचा हात महत्त्वाचा.

ॲल्युमिनियम संमिश्रे बहुधा वितळलेला रस ढवळत त्यात कण सोडून ओततात. रस कणांना सहज भिजवत नाही. म्हणून कण आधी तापवतात, थोडे मॅग्नेशियम घालतात. कण सिलिकॉन कार्बाइडचे असतील, तर रस फार तापल्यास ठिसूळ ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होते. मिश्रधातूतील भरपूर सिलिकॉन ते रोखते. कण वाढवले की झीज घटते, पण चिवटपणाही घटतो आणि यंत्रणाची हत्यारे लवकर झिजतात. ब्रेकच्या चकत्यांसाठी ही संमिश्रे वापरली गेली आहेत.