न्यायाच्या दारावरील जकात

नागपुराहून वर्ध्याकडे जातांना बुटीबोरी लागतें. एकेकाळीं जेथें शेतें होतीं तेथें आज औद्योगिक वसाहत आहे. अशा कामीं ज्याची जमीन सरकारजमा झाली, त्यानें भरपाई वाढवून मागण्यास उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठांत अपील करावयाचें ठरविल्यास, मागितलेल्या वाढीच्या मानानें कोर्ट फी आधीं भरावी लागते. म्हणजे अन्याय जितका मोठा, तितकी दारावरची जकात अधिक! ही रीत आली कोठून?

आपल्या जुन्या मराठी राज्यांतही न्याय फुकट नव्हता. जिंकणाऱ्याकडून 'हरकी' आणि हरणाऱ्याकडून 'गुन्हेगारी' घेत. त्या पद्धतीचे गोडवे गाण्याचा आमचा मानस नाहीं. परंतु ही रक्कम निवाड्यानंतरची होती. कंपनी सरकारच्या अमलांत लॉर्ड कॉर्नवालिसनें १७९३ सालीं बंगालच्या न्यायालयांतील फी उठविली, ती १७९५ च्या रेग्युलेशनानें पुनः बसली. सबब, खोट्या दाव्यांस आळा घालण्याची. मेकॉलेनें पुढें या सबबीची यथेच्छ टर उडविली: फीनें खोटा धनिक अडत नाहीं, खरा गरीब मात्र अडतो. तरी १८७० चा कोर्ट फी कायदा झालाच, आणि महाराष्ट्रांत १९५९ च्या कायद्यानें तीच परंपरा चालविली.

गरिबासाठीं एक खिडकी उघडी होती. १९०८ च्या दिवाणी संहितेच्या तेहेतिसाव्या ऑर्डरीप्रमाणें निर्धनास फीवांचून दावा लावतां येतो. तो जिंकल्यास सरकार आपली फी मागाहून वसूल करतें. हरकीच ती, नांव बदललेली! मात्र आपलें दारिद्र्य आधीं शाबीत करावें लागतें.

खरा प्रश्न जमलेल्या पैशाचा आहे. सेटलवाडांच्या अध्यक्षतेखालील विधि आयोगानें १९५८ सालीं, न्याय ही सरकारच्या उत्पन्नाची बाब नव्हे, असें बजाविलें. केरळानें जादा कोर्ट फीचा निराळा निधि करून तो लोकांच्या कायदेशीर साहाय्यास व वकिलांच्या कल्याणास लावला. आमच्या मतें हा मार्ग अधिक सरळ. ज्या दारावर जकात घेतली, तेथेंच ती गरिबाच्या उपयोगीं पडते. महाराष्ट्रानें १९९४ सालीं पोटगी, घटस्फोट, मालमत्ता इत्यादि कज्जांत स्त्रियांस फी माफ केली. १९८७ चा विधि सेवा प्राधिकरण कायदा १९९५ सालीं अमलांत आला. पण त्यांतील राज्यनिधि मुख्यत्वें अनुदानांवर उभा आहे, कोर्ट फीच्या ठराविक वांट्यावर नव्हे.

बुटीबोरीसारख्या गांवच्या शेतकऱ्याची अडचण आणखी निराळी. हातीं आलेली अपुरी भरपाईच त्याच्या निर्धनतेच्या अर्जाविरुद्ध पुरावा होऊं शकते. आणि तेवढ्यांतूनच त्याला दुसरें शेत घ्यावयाचें असतें.