आर्टिकलचा सांधा

इंग्रजी व्याकरणात मराठी मुलाला नाम, क्रियापद ओळखीचं वाटतं. अडतं ते 'अ', 'ॲन', 'द'पाशी. यांचं नाव आर्टिकल. लॅटिन 'आर्टिक्युलस' म्हणजे छोटा सांधा. मूळ कल्पना ग्रीकांची: त्यांच्या व्याकरणात हा शब्दप्रकार 'आर्थ्रॉन', म्हणजे सांधाच. आर्थ्रायटिस त्याच घरातला. सांधे म्हटले की तुकडे आले, म्हणून कराराचं कलमही आर्टिकल, वर्तमानपत्रातला लेखही, आणि सीए होणाऱ्यांची आर्टिकलशिपही त्या कराराच्या कलमांवरूनच.

गंमत लॅटिनची. त्या भाषेत आर्टिकल नाहीच, मराठीसारखं. पण ग्रीकांचे शब्दप्रकार आठ, मग आपलेही आठच हवेत! रोमन वैयाकरणांनी रिकाम्या जागी केवलप्रयोगी अव्यय बसवलं. आकड्याचा हा हट्ट मला फार माणसासारखा वाटतो.

'स्वरापुढे अ चा ॲन होतो' हा शाळेतला नियम कामाचा, पण इतिहास उलटा आहे. आधी होता 'ॲन', 'वन'चा सख्खा भाऊ. व्यंजनापुढे त्याचा न गळला. म्हणजे 'एक होता राजा'मधला आपला 'एक' करतो तेच काम 'अ'चं.