तोडफोडीचा आरोप व कायदेशीर बचाव (कोल्हापूर)

तोडफोड, दगडफेक, जाळपोळ करून खासगी किंवा सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान केल्याचा आरोप असलेल्या व्यक्तीला फौजदारी कायद्यात मिळणारे संरक्षण आणि कोल्हापूर जिल्ह्यातील त्याचा व्यवहार. एकट्याने केलेली तोडफोड न्यायालयात क्वचितच गुंतागुंतीची ठरते. कोल्हापूरचे गाजलेले खटले जमावाचे आहेत, आणि तिथे बचावाचा सारा भार एकाच प्रश्नावर येतो : दगड मारणाऱ्या जमावात कोण होते?

शहराला या विषयाचा इतिहास आहे. आज जिथे शिवाजी चौक आहे तिथे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचा पुतळा होता. १९४२ च्या चळवळीत तो आधी विद्रूप करण्यात आला, नंतर फोडण्यात आला. त्या वेळी तो गुन्हा होता. आज त्याची गणना स्वातंत्र्यलढ्यात होते. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये शहरात घरे जळाली, चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही आगीत सापडला. त्याकडे मात्र कोणी अभिमानाने पाहत नाही. इतिहास हेतू पाहून निवाडा करतो, फौजदारी न्यायालय तसे करत नाही. ‘आम्ही लोकांसाठी केले’ हे सांगणे शिक्षा ठरवताना फार तर ऐकले जाते, त्याने दोष पुसला जात नाही. बचावाला उपयोगी पडतो तो ‘इरादा’. नुकसान करण्याचा उद्देश किंवा ते होणार याची जाणीव सिद्ध झाली नाही, तर गुन्हाच उभा राहत नाही. रेटारेटीत काच फुटणे आणि काच फोडणे यांत म्हणूनच मोठे अंतर आहे.

अलीकडच्या काळातले सर्वांत मोठे उदाहरण टोलविरोधी आंदोलनाचे. आयआरबी कंपनीने ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ (बीओटी) तत्त्वावर शहरात सुमारे ५० किलोमीटरचे रस्ते केले. खर्च सुमारे २२० कोटी रुपये आणि वसुलीची मुदत ३० वर्षे. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे (ते स्वतः वकील) यांच्या नेतृत्वाखाली सर्वपक्षीय कृती समिती उभी राहिली. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली आणि १२ जानेवारी २०१४ रोजी टोलनाक्यांची तोडफोड व जाळपोळ झाली. २०१५ च्या अखेरीस शासनाने टोल रद्द केला. टोल गेला म्हणून तोडफोडीचे गुन्हे आपोआप जात नाहीत, हे आंदोलनाच्या उत्साहात विसरले जाते.

टोलनाका कायद्याच्या दृष्टीने कोणाचा, हा अशा खटल्यात कळीचा मुद्दा होऊ शकतो. सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंधक अधिनियम, १९८४ लागू झाला की शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. आग किंवा स्फोटक वापरल्यास ती किमान एक आणि कमाल दहा वर्षे होते. शिवाय कलम ५ प्रमाणे सरकार पक्षाला विरोधाची संधी दिल्याखेरीज कोठडीतील आरोपीला जामीन मिळत नाही. या कायद्यात मालकीइतकेच ताबा व नियंत्रण यांनाही महत्त्व आहे. रस्ता शासनाचा, खोकी आणि यंत्रे कंत्राटदार कंपनीची, वसुली करारावर आधारलेली : अशा स्थितीत जळालेली वस्तू ‘सार्वजनिक’ होती हे सरकार पक्षाने कागदपत्रांनी दाखवावे, अशी मागणी बचावाचे वकील करू शकतात. एसटी किंवा केएमटीच्या बसबाबत ही पळवाट नाही. सार्वजनिक वाहतुकीच्या साधनाचे नुकसान केल्यास किमान सहा महिन्यांची सक्तमजुरी आहे; त्याहून कमी शिक्षा द्यायची तर न्यायालयाला कारणे नोंदवावी लागतात. रुग्णालयाच्या तोडफोडीला महाराष्ट्राचा २०१० चा स्वतंत्र कायदा आहे. तो गुन्हा अजामीनपात्र असून नुकसानीच्या दुप्पट भरपाईचीही त्यात तरतूद आहे. नातेवाइकाच्या मृत्यूनंतर रागाच्या भरात कॅज्युअल्टीची काच फोडणाऱ्याला हे बहुधा अटकेनंतरच कळते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. फौजदारी शिक्षा पूर्वलक्षी प्रभावाने लादता येत नसल्याने घटनेची तारीख पाहून कायदा ठरतो. समाजमाध्यमांवरील आक्षेपार्ह स्टेटसवरून ७ जून २०२३ रोजी कोल्हापुरात झालेल्या दगडफेकीला जुनी संहिता लागू होते. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडाच्या पायथ्याशी गजापूर येथे घरांची आणि मशिदीची तोडफोड झाली, तिला नवी. त्या दिवशी नवी संहिता जेमतेम दोन आठवड्यांची होती. जुन्या कलम ४२७ ला ५० रुपयांचे नुकसान पुरे होते. हा आकडा १८६० चा. नव्या कलम ३२४ मध्ये नुकसान २० हजारांपासून १ लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत, १ लाख किंवा अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पंचनाम्यातील किंमत त्यामुळे आता निव्वळ तपशील राहिलेली नाही. मोडलेल्या दहा वर्षे जुन्या मोटारसायकलला शोरूमचा भाव लावला असेल, तर उलटतपासणी तिथूनच सुरू व्हायला हवी.

जमावाच्या गुन्ह्यात फिर्यादीत पाच-पंचवीस नावे आणि पुढे ‘इतर दोनशे ते अडीचशे अनोळखी इसम’ अशी ओळ असते. नंतर तपासात त्या ओळीत नावे भरली जातात. बेकायदेशीर जमावाच्या समान उद्देशासाठी झालेल्या कृत्याला प्रत्येक सदस्य जबाबदार असतो (न्याय संहिता, कलम १९०, जुने १४९). त्यामुळे ‘मी दगड मारला नाही’ एवढे उत्तर अपुरे पडते. आपण त्या जमावाचे घटक नव्हतो, कुतूहलाने उभे राहिलेले, दुकान बंद करून घरी निघालेले किंवा दुसरीकडेच असलेले होतो, हे पुढे आणावे लागते. ‘मसलती’ खटल्यात (१९६४) सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या जमावाबाबत एक व्यवहारी निकष मान्य केला : एखाद्या आरोपीचा सहभाग दोन-तीन किंवा अधिक साक्षीदारांनी सुसंगतपणे सांगितलेला असावा. बचावाच्या युक्तिवादात हा निवाडा आजही हमखास येतो.

ओळखपरेड वेळेत झाली का, तिच्या आधी आरोपीचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरला होता का, साक्षीदार पोलीसच आहेत की स्वतंत्र नागरिकही, हे प्रश्न त्यानंतरचे. सीसीटीव्ही आणि मोबाइलच्या चित्रणाने चित्र बदलले आहे, पण तो पुरावाही नियमात बसवावा लागतो. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल या जालन्याच्या निवडणूक वादात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबतचे प्रमाणपत्र आवश्यक ठरवले. आता ते नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली येते. पोलिसांपुढे दिलेली कबुली ग्राह्य नसते. पंच फितूर झाले की जप्ती डळमळते, मात्र त्याने खटला संपतोच असे नाही. अनुपस्थितीचा बचाव घ्यायचा तर कामावरची हजेरी, टोलची पावती, दुकानाच्या कॅमेऱ्यातले चित्रण ताबडतोब मिळवावे. कॅमेऱ्यातली जुनी चित्रणे काही दिवसांत आपोआप पुसली जातात आणि खटला उभा राहायला वर्षे लागतात.

अटकेच्या टप्प्यावर सर्वोच्च न्यायालयाचा अर्नेशकुमार निवाडा (२०१४) उपयोगी आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का आवश्यक, हे पोलिसांनी नोंदवावे लागते. एरवी नोटीस देऊन चौकशीला बोलावता येते. अटकपूर्व जामिनासाठी पहिला अर्ज सहसा कसबा बावडा येथील जिल्हा व सत्र न्यायालयात होतो. तो फेटाळला की पूर्वी मुंबई गाठावी लागे. सहा जिल्ह्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झाले. खंडपीठासाठी इथल्या वकिलांनी अनेक वर्षे आंदोलन केले होते. जामिनाचे आणि गुन्हा रद्द करण्याचे अर्ज आता भाऊसिंगजी रस्त्यावरील या बेंचपुढेच चालतात. मुंबईच्या वकिलाची फी आणि मुक्काम न परवडणाऱ्याला याचा सर्वाधिक फायदा. कोठडीत असलेल्या कोणालाही, उत्पन्न न पाहता, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. जिल्ह्यात हे काम लोकअभिरक्षक कार्यालय करते.

नुकसान फक्त खासगी व्यक्तीचे असेल तर तडजोडीचा मार्ग बहुधा मोकळा असतो, आणि पोलीस ठाण्याबाहेर तो बराच वापरला जातो. सार्वजनिक मालमत्तेबाबत लोकांची भिस्त दुसरीकडे असते. प्रत्येक आंदोलनानंतर ‘आंदोलकांवरील गुन्हे मागे घ्या’ ही मागणी येते आणि शासन वेळोवेळी निर्णय काढते. जीवितहानी नसणे आणि नुकसान ठरावीक मर्यादेत असणे या त्याच्या नेहमीच्या अटी. मात्र शासननिर्णयाने खटला संपत नाही. सरकारी वकिलाने स्वतंत्र विचार करून अर्ज द्यावा लागतो आणि न्यायालयाची संमती लागते. केरळ विधानसभेतील तोडफोडीच्या प्रकरणात अशी संमती नाकारण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कायम ठेवला. आजी-माजी आमदार-खासदारांवरील खटले मागे घ्यायला तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते. पुढाऱ्याच्या आश्वासनावर विसंबून तारखांना गैरहजर राहिलेल्या कार्यकर्त्याच्या हाती शेवटी वॉरंट पडते. गुन्हा मागे घेणे ही राजकीय सोय आहे. तिला बचाव समजणे घातक.

फौजदारी निकालापलीकडे भरपाईचा प्रश्न उरतो. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंदोलनातील नुकसान आयोजक व दोषींकडून वसूल करण्याची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्याआधीच २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका बंदबद्दल शिवसेना व भाजप यांना प्रत्येकी २० लाख रुपये भरायला लावले होते. दुसऱ्या बाजूने, आरोप आहे एवढ्यावरून कोणाचे घर पाडता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ च्या निवाड्यात स्पष्ट केले आहे.

दगडफेकीच्या गुन्ह्यांत सापडणारे पुष्कळ जण विशीच्या आतबाहेरचे असतात, आणि त्यांतले बरेच पोलीस किंवा सैन्य भरतीची तयारी करत असतात. अठराच्या आतील मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते आणि तेथील निष्कर्ष सामान्यतः पुढे अपात्रता ठरत नाही. प्रौढाला प्रथम अपराधासाठी अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ खाली सदाचाराच्या बंधपत्रावर सोडता येते. चारित्र्य पडताळणीच्या अर्जात गुन्ह्याचा रकाना कोरा ठेवण्याचा सल्ला मात्र वर्गमित्र देतात, वकील देत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या अवतार सिंग निवाड्यानुसार (२०१६) माहिती लपवणे हेच नेमणूक रद्द होण्याचे कारण ठरू शकते, मूळ गुन्हा किरकोळ असला आणि त्यात सुटका झालेली असली तरी.